ऑक्सिजन कमी का झाला, तेवढं सांगा : वाल नदीच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वाल नदीच्या पाण्याची जबाबदारी आपसांत वाटून घेतलेली सर्व खाती आणि संस्था : राष्ट्रीय पाणी व स्वच्छता खातं, गाउटेंग आणि फ्री स्टेट प्रांतांची सरकारं, एम्फुलेनी नगरपालिका आणि रँड वॉटर ही पाणीपुरवठा संस्था, दक्षिण आफ्रिका.

विषय : मेलेल्या माशांच्या तक्रारीला मिळालेलं उत्तर.

महोदय, महोदया,

वाल नदीवरच्या बॅरेजच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या, खालच्या अंगाला मासे मरून पडल्याची तक्रार गेल्या उन्हाळ्यात आम्ही काठावरच्या काही जणांनी केली होती. तिचं उत्तर आलं. कुठल्या कार्यालयातून आलं ते इथे लिहीत नाही, कारण माझं भांडण तिथे टपाल लिहायला बसवलेल्या माणसाशी नाही. उत्तर दोन ओळींचं आहे : पाण्यातला ऑक्सिजन कमी झाल्याने मासे मेले, उष्ण हवेत असं होणं नैसर्गिक आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

ऑक्सिजन कमी झाला होता हे खरं आहे. गळा दाबून मारलेल्या माणसाच्या दाखल्यावर 'श्वास बंद पडल्याने मृत्यू' एवढंच लिहिलं तर तेही खरंच असतं की! आमचा प्रश्न त्याच्या पुढचा होता आणि त्याला उत्तर न देता तुम्ही फाइल मिटवलीत. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

याची इंग्रजी प्रत आपल्या प्रत्येकाकडे रीतसर पोचली आहे. मराठीत लिहिण्याचं कारण साधं आहे. जोहान्सबर्ग-प्रिटोरियातली आपली बरीच मंडळी सुटीच्या दिवशी नदीकाठच्या पारीस गावी येतात, राफ्टिंग करतात, पोरं पाण्यात डुंबतात, काठावर डबे उघडले जातात. आपण कशात पाय सोडून बसलोय ते त्यांना कळायला हवं. आणि पुणे-सोलापूरकडच्या वाचकांना ही कथा फार समजावून सांगावी लागणार नाही.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्याच्या काठचं. नवऱ्याच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीमुळे वँडरबाइलपार्कला आले आणि इथलीच झाले. मी हिशेब तपासनीस आहे, लोकांच्या खतावण्या चाळून पोट भरते. माहेरी बायकांनी मासे विकायचे, साफ करायचे, रांधायचे. गळ टाकायला बाईमाणसाला कुणी कधी बोलावलं नाही. ते मी इथे शिकले, शेजारच्या एका वयस्कर ऊमकडून. आफ्रिकान्समध्ये वडीलधाऱ्या पुरुषाला ऊम म्हणतात, आपण काका म्हणतो तसं. त्यांनी दांडी हातात दिली, शिव्या घालत घालत फेक शिकवली, आणि नदी कशी वाचायची तेही.

पारीसजवळ वाल नदी बेटाबेटांमधून फुटून वाहते. दोनशे कोटी वर्षांपूर्वी अवकाशातून येऊन आदळलेल्या दगडाने इथली जमीन उलटीपालटी केली. त्या जागेला, फ्रेडेफोर्ट डोमला, २००५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नदी त्यातूनच वाट काढते. मांडीभर पाण्यात उभं राहायचं. तळाचे गोटे शेवाळाने गुळगुळीत, त्यामुळे एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. टंगस्टनचा मणी ओवलेली कृत्रिम अळी दांडीच्या टोकाखालीच, अगदी जवळ, धारेत सोडायची. ती तळाला घासत वाहत जाते आणि दांडीचं टोक तिच्या मागोमाग न्यायचं. लाइन वाहता वाहता किंचित थबकली की मनगट उचलायचं. शंभरातल्या नव्वद वेळा तो दगड असतो. उरलेल्या वेळी ती थबकलेली लाइन एकदम धारेच्या विरुद्ध पळत सुटते.

हा यलोफिश. सोनेरी-हिरवट अंग, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, जाड खवले. आपल्या महाशीरच्या नात्यातलाच. ऑरेंज आणि वाल या नद्यांच्या खोऱ्यात त्याच्या दोन जाती आहेत, लहान तोंडाचा आणि मोठ्या तोंडाचा, आणि दोन्ही मूळच्या याच खोऱ्यातल्या. मोठ्या तोंडाचा वीस किलोंच्या वर जातो, पण वाढतो अगदी सावकाश. मादी अंडी घालण्याजोगी व्हायलाच आठेक वर्षं लागतात. दोघांनाही अंडी घालायला वाहत्या पाण्यातली स्वच्छ वाळू-खडी लागते. आम्ही त्याला हात ओले करून धरतो, गळ काढतो, तोंड धारेकडे करून पाण्यात आधार देतो आणि तो आपणहून निघाला की सोडून देतो. घरी नेत नाही. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही. 'सोडायचा तर धरायचा कशाला?' या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, पण तो विषय वेगळा.

आता ऑक्सिजनचं. तुमच्या तज्ज्ञांना ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. मैलापाणी नदीत आलं की जिवाणू ते कुजवायला लागतात आणि त्या कामात पाण्यातला ऑक्सिजन खातात. मैल्यातल्या फॉस्फेट-नायट्रेटवर शैवाल आणि जलपर्णी माजतात. शैवाल दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच श्वसन करून तो संपवतं. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो सूर्य उगवायच्या जरा आधी. उकाड्याची रात्र, ढगाळ आभाळ, वरच्या गटारांना धुऊन काढणारा पहिला जोराचा पाऊस, असं सगळं एकत्र आलं की पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात. शिवाय मैल्यात अमोनिया असतो आणि पाणी जितकं गरम आणि अल्कधर्मी तितका तो माशांना जास्त विषारी. हवा उष्ण होती, हे तुमचं म्हणणं मान्य. पण ती उष्णता मैल्याशिवाय आली असती तर एवढे मासे मेले नसते.

याला पुरावा काय म्हणाल, तर मेलं कोण ते बघा. बार्बल जवळजवळ नव्हतेच. हा बार्बल म्हणजे आपल्याकडे ज्याला थाई मांगूर म्हणतात आणि ज्याच्या पालनावर भारतात बंदी आहे तोच. नाव काही असो, तो मूळचा आफ्रिकेतला. त्याला हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी त्याचं भागतं. कार्प, म्हणजे आपला सायप्रिनस, युरोपातून आणून इथे सोडलेला, तोही घाणीत तग धरणारा. काठाला लागले होते ते बहुतेक यलोफिश, मोठेही आणि बोटाएवढेही. पांढरी पोटं, पसरलेले कल्ले. स्वच्छ वाहत्या पाण्याशिवाय ज्याचं चालत नाही तोच आधी जातो. ही यादी आम्ही फोटोंसकट तक्रारीला जोडली होती. उत्तरात तिचा उल्लेखही नाही.

माझी पहिली तक्रार हीच : नमुना कसा घेतला. आम्ही फोन केल्यानंतर माणूस आला तो तिसऱ्या दिवशी, आणि सकाळी अकराच्या सुमारास. तोवर घोरपडी-पक्ष्यांनी निम्मे मासे नेलेले. लख्ख उन्हात, शैवालाने पाच-सहा तास ऑक्सिजन सोडून झाल्यावर त्याने बाटली बुडवली. मीटरवरचा आकडा चांगलाच आला असणार. मी शेजारी उभी होते. पहाटे या, म्हटलं. तो बिचारा म्हणाला की कामाची वेळ आठला सुरू होते आणि गाडी मिळायला दहा वाजतात. त्याचा दोष नाही. पण चोरी रात्री झाली आणि पंचनामा भर दुपारी, तोही तीन दिवसांनी, असा कारभार असेल तर त्यातून 'नैसर्गिक' सोडून दुसरं काय निघणार?

दुसरी तक्रार, मैला येतो कुठून हे सगळ्यांना माहीत असताना ते कुणी लिहून देत नाही. जोहान्सबर्ग पाणलोटाच्या माथ्यावर वसलंय. शहराचं पिण्याचं पाणी वाल धरणातून येतं, १९३८ साली बांधलेल्या. शहराच्या दक्षिण उतारावरचं सांडपाणी, झालं तर शुद्ध होऊन आणि नाही तर तसंच, क्लिप नदी आणि रीटस्प्रेट ओढ्यातून वाल नदीला मिळतं, ते धरणाच्या खाली. म्हणजे नळ वर आणि गटार खाली. वरच्याला नदी बिघडल्याचं कळायचं कारणच नाही. बॅरेज १९२३ मध्ये पूर्ण झालं तेव्हा ते याच शहरांना पाणी पाजायला बांधलं होतं. आज त्याच्या जलाशयात काय साठतं ते तुम्ही जाणता. त्याखाली पारीस आहे, आणि पारीस याच नदीचं पाणी पितं.

इंदापूर-भिगवणच्या माणसाला इथे नकाशा काढून दाखवायला नको. पुणं खडकवासल्याचं पाणी पितं, मुळा-मुठेत सोडतं, ते भीमेतून उजनीत येतं आणि उजनीचं सोलापूर पितं. आमच्या लहानपणी भोई मंडळींच्या टोपलीत नाना जातीचे मासे असत. आता काट्यावर येते ती मुख्यतः चिलापी. ते एकदा बघितलंय, म्हणून इथे काय चाललंय ते मला लवकर ओळखू आलं.

एम्फुलेनीच्या हद्दीत मैलापाण्याची तीन केंद्रं आहेत : सेबोकेंग, लीउकाइल आणि रीटस्प्रेट. जमीन सपाट, त्यामुळे मैला आपोआप वाहत जात नाही, टप्प्याटप्प्याने उचलून ढकलावा लागतो. त्यासाठी चाळीसहून अधिक पंपिंग स्टेशनं. एक पंप बंद पडला की मागचे चेंबर भरतात, झाकणं उचकटतात, आणि मैला रस्त्यावर येतो. रस्त्यावरून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. वीज गेली, केबल चोरीला गेली, मोटार जळली, बदली मोटारीची खरेदी अडकली, कारण कुठलंही असो, वाट हीच. नदीत पोचायच्या आधी तो सेबोकेंग, शार्पव्हिल, बोइपातोंग या वस्त्यांच्या अंगणांतून गेलेला असतो हे विसरून कुणी हे पत्र वाचू नये. माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या बाईंच्या दारात मी तो घोट्याएवढा बघितला आहे. त्यांनी विटांची पायवाट केली आहे, दारापासून फाटकापर्यंत. मुलांना शाळेत जाताना त्या विटांवरून एकेक करून सोडतात. मी माशांसाठी भांडते आहे, पण या घरांमधला मैला आणि खळाळातला मैला एकच आहे, आणि त्यांची तक्रार माझ्यापेक्षा कितीतरी जुनी.

तिसरी तक्रार हिशेबाची. ती जरा लांबेल, माझा धंदाच तो.

२०१८ मध्ये मानवाधिकार आयोगाने वाल नदीच्या प्रदूषणाची चौकशी सुरू केली. त्याच वर्षाच्या अखेरीला लष्कराचे अभियंते केंद्रांवर आले. वर्तमानपत्रांत गणवेशातल्या माणसांचे फोटो, आम्ही सगळे खूश. पुढे ते परत गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आयोगाचा अहवाल आला आणि त्यात साफ म्हटलं होतं की मोडकळीला आलेल्या केंद्रांमधून प्रक्रिया न केलेला मैला नदीत जातो आहे आणि हा लोकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने पाणीसेवा कायद्याच्या कलम ६३ खाली हस्तक्षेप केला, म्हणजे नगरपालिकेचं काम स्वतःच्या हातात घेतलं, आणि पुढे कामाची जबाबदारी रँड वॉटरकडे आली. मैलापाणी यंत्रणांची तपासणी करणाऱ्या सरकारच्या २०२२ च्या ग्रीन ड्रॉप अहवालाने देशभरातल्या ३३४ नगरपालिका मैलापाणी यंत्रणा 'गंभीर' अवस्थेत असल्याचं सांगितलं, त्यामुळे हा फक्त आमच्याच गावचा रोग नाही हेही कळलं.

हे सगळं तुमच्याच कागदांवरचं आहे. मला जे सापडत नाही ते असं : कुठल्या पंपिंग स्टेशनवर किती खर्च झाला, तिथे काय बसवलं, आणि ते आज चालू आहे का. एवढे तीन रकाने. 'प्रकल्पाची प्रगती' टक्क्यांत सांगितली जाते. टक्का कशाचा, पैशाचा की पाइपाचा की पाण्याचा, हे कळत नाही. एखाद्या किराणा दुकानदाराने मला असा हिशेब दाखवला तर मी त्याला वही परत करीन. सत्तर टक्के काम झालं असेल तर नदीत येणारा मैला सत्तर टक्के कमी झाला का? आकडा नाही. मासे मात्र दर उन्हाळ्यात मरतात.

जबाबदारीचंही तसंच. प्रांतांची सीमा नदीतूनच जाते. बॅरेजपाशी उत्तर काठावर गाउटेंग, दक्षिण काठावर फ्री स्टेट. मासेमारीचा परवानाही ज्या त्या प्रांताचा. मधल्या धारेत उभं असताना आपण कुठल्या प्रांतात भिजतोय ते सांगता येत नाही, आणि मेलेला मासा तर दोन्ही काठांना लागतो. नगरपालिका म्हणते काम आमच्याकडून काढून घेतलंय. ज्यांच्याकडे दिलंय ते म्हणतात आम्ही फक्त अंमलबजावणी करतो. केंद्र म्हणतं ही मुळात नगरपालिकेची सेवा. प्रांत म्हणतो पाणी केंद्राचं, मासे आमचे. मग मेलेले मासे कुणाचे, असं मी फोनवर विचारलं तर पलीकडून हसण्याचा आवाज आला. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

चौथी, जलपर्णी. अलीकडच्या वर्षांत बॅरेजच्या जलाशयावर पाणकोबीसारखी दिसणारी हिरवी जलपर्णी एवढी पसरली की नाव चालेना. त्यावर तणनाशक फवारलं गेलं. जलपर्णी मेली, बुडाली, तळाशी कुजली. कुजताना ऑक्सिजन कोण खातं ते वर लिहिलंच आहे. खालून खत चालू ठेवायचं आणि वरून पीक मारायचं, हे कुठल्या शेतकऱ्याला सांगून बघा.

आणि पाचवी, जी मला सर्वांत जास्त लागते. नदीवर आमच्यासारखे छंद म्हणून दांडी घेऊन उभे राहणारे थोडे. खालच्या पुलाजवळ, रेल्वेच्या कडेने जे बसलेले असतात ते घरी न्यायला मासे धरतात. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा मळायचा, त्यात कुणी बडीशेप, कुणी कस्टर्ड पावडर, ज्याची त्याची गुपितं. गळ त्यात लपवून लांब फेकायचा आणि दांडी काटकीच्या बेचक्यात टेकवून गप्पा मारत बसायचं. कार्प मिळतो, बार्बल मिळतो. तोच रात्रीचा कोरड्यास, उरला तर शेजारी विकायचा. आम्ही मासा सोडून देतो, त्यामुळे नदीत काय आहे ते आमच्या पोटात जात नाही. त्यांच्या जातं. या माणसांना 'आज इथला मासा खाऊ नका' असं सांगणारी एकही पाटी त्या काठावर मी पाहिलेली नाही. माशाच्या मांसाची तपासणी झाली का, झाली तर त्यात काय निघालं, हेही कुणी सांगितलेलं नाही. एक आजोबा मला म्हणाले, वास आला की आम्ही चार दिवस धरत नाही. त्यांच्या नाकावर सार्वजनिक आरोग्याचा कारभार चाललाय.

शार्पव्हिलचं नाव वर आलं. १० डिसेंबर १९९६ रोजी नेल्सन मंडेलांनी या देशाच्या राज्यघटनेवर सही केली ती याच शार्पव्हिलमध्ये, वर्णद्वेषी राजवटीच्या पोलिसांनी १९६० मध्ये निदर्शकांवर केलेल्या गोळीबाराच्या जागेचा मान राखून. तिचं कलम २४ सांगतं की आरोग्याला अपाय करणार नाही अशा पर्यावरणाचा प्रत्येकाला हक्क आहे. लीउकाइलचं केंद्र तिथून जवळच आहे. अधिक काही लिहायची गरज नाही.

मागण्या सांगते. नवं धरण नको, नवी समिती तर मुळीच नको.

आमची तक्रार पुन्हा उघडा. त्या आठवड्यात कुठली पंपिंग स्टेशनं बंद होती आणि किती तास, ते नोंदवहीतून काढून उत्तरात लिहा. नोंदवही नसेल तर 'नोंदवही नाही' असं लिहा, तेही चालेल.

रीटस्प्रेट जिथे मिळते त्याच्या खाली, बॅरेजवर, आणि पारीसला ऑक्सिजन व अमोनिया मोजणारे कायमचे मीटर बसवा आणि त्यांचे आकडे रोज, पहाटेच्या वेळेसकट, जसेच्या तसे लोकांना दिसू द्या. सरासरी काढून देऊ नका. पहाटेचा आकडा सरासरीत बुडतो, हे मला माझ्या धंद्यातून माहीत आहे.

मासे मेल्याचा फोन आला की चोवीस तासांत माणूस यावा, जातवार मोजणी व्हावी, पाण्याचा आणि कल्ल्यांचा नमुना घेतला जावा, आणि निकाल जाहीर व्हावा. फोन एकच असावा, दोन्ही काठांना चालणारा. कुठलं खातं उचलणार ते तुम्ही आपसांत ठरवा. आमच्यावर टाकू नका.

प्रत्येक पंपिंग स्टेशनच्या फाटकावर पाटी लावा : स्टेशनचा क्रमांक, जबाबदार अधिकाऱ्याचं पद, बंद पडल्यास कुणाला कळवायचं. मैला नदीत जातोय असं कळताच खालच्या गावांना आणि नदीवरच्या राफ्टिंगवाल्यांना मोबाइलवर निरोप जावा. हे तर पैशाचंही काम नाही.

माशांच्या मांसाची तपासणी करून सेसोथो, झुलू, आफ्रिकान्स आणि इंग्रजीत काठाकाठावर फलक लावा. जिथे लोक खरोखर मासे धरतात तिथे लावा, पर्यटकांच्या वाहनतळावर नको.

दर तिमाहीला त्या तीन रकान्यांचा हिशेब द्या : खर्च कुठे, बसवलं काय, चालू आहे का.

आणि एक विनंती, मागणी नव्हे. या देशात मिनीसास नावाची साधी पद्धत आहे. नदीतला दगड उलटायचा, त्याखालचे किडे बघायचे, तेरा गटांत वाटायचे आणि पाण्याला गुण द्यायचे. शाळेतली पोरं करतात. आमच्या भागातल्या काही मुलांबरोबर मी ते केलं आहे. बॅरेजच्या वर, एका स्वच्छ ओढ्यात, दगडाखाली मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या चपट्या अळ्या निघाल्या, तीन शेपट्यांच्या, दगडाला चिकटून पळणाऱ्या. खाली, वासाच्या पट्ट्यात, त्याच आकाराच्या दगडाला राखाडी कापसासारखी बुरशी आणि खाली लाल अळ्या न् जळवा. एका मुलीने जळू बोटावर घेतली आणि विचारलं, यालाही गुण आहेत का? आहेत, पण कमी. मुलांचे हे तक्ते तुमच्या कार्यालयात स्वीकारले जावेत, त्यांना पोच मिळावी, आणि तुमच्या अहवालात त्यांना जागा असावी. ती मुलं पहाटे नदीवर जायला तयार असतात. त्यांना गाडीची वाट बघावी लागत नाही.

यातलं काहीच अशक्य नाही. तुमच्यातल्या काहींना मी केंद्रांवर उभं राहून, नाकाला रुमाल न लावता काम करताना पाहिलंय. तुम्हालाही सुटे भाग मिळत नाहीत, पगार उशिरा होतात, रात्री चोर येतात, हे मला माहीत आहे. त्याचाही हिशेब जाहीर करा. आम्ही तुमच्या बाजूने पत्र लिहू, एवढ्याच लांबीचं.

हे पत्र पोचल्यापासून तीस दिवस थांबते. उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा उष्ण हवेचं आलं, तर २००० च्या माहिती मिळवण्याच्या कायद्याखाली अर्ज करीन. महाराष्ट्रातल्या वाचकांना माहितीचा अधिकार ठाऊक आहे. हे त्याचंच इथलं भावंड, आणि त्याचीही मुदत तीस दिवसांची आहे. अर्ज भरून ठेवले आहेत. प्रत्येक कार्यालयाला वेगळा, म्हणजे 'हे आमच्याकडे येत नाही' असं उत्तर आलं तर तेही लेखी मिळेल.

आपली,
वाल नदीवर मासे धरणारी एक करदाती रहिवासी
वँडरबाइलपार्क